गाय व्यायच्या आधी कॅल्शियम बंद, व्याल्यावर सुरू: दुग्धज्वर टाळण्याचे टप्पे

व्याल्याच्या दुसऱ्या दिवशी गाय उठत नाही, मान पोटाकडे वळवून बसते, कान गार लागतात. तिसऱ्या वेतापासून पुढे, भरपूर दूध देणाऱ्या होल्स्टिन संकरित आणि जर्सी गायींत हे नेहमीचं दुखणं. हाच दुग्धज्वर, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम एकदम घटणं. ‘अशक्त आहे, व्यायला झालीय’ म्हणून शेवटचा महिनाभर कॅल्शियमच्या बाटल्या पाजलेल्या गायीही यात सापडतात. खरं तर त्या बाटल्यांनीच दुखण्याची तयारी झालेली असते.

हिशोब बघा. गायीच्या रक्तात एका वेळी फिरणारं कॅल्शियम जेमतेम 3 ग्रॅम. एक लिटर चिकातून साधारण 2 ग्रॅम बाहेर पडतं, म्हणजे 10 लिटर चीक काढला की 20 ग्रॅम गेलं. ही तूट हाडांतून आणि आतड्यांतून भरायची, तर रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारी पॅराथायरॉइड ग्रंथी कामाला लागायला हवी. आधीचे काही आठवडे आयतं कॅल्शियम मिळत राहिलं, तर ती सुस्तावते. तिला पुन्हा वेग घ्यायला दोन-तीन दिवस लागतात आणि गाय नेमकी त्याच दिवसांत बसते.

60 दिवस आधी. गाय आटवा, म्हणजे दूध काढणं थांबवा. या काळात तिला ना लठ्ठ करायचं, ना वाळवायचं. शेपटीच्या मुळाशी चरबीच्या गाद्या दिसल्या तर व्याल्यावर कीटोसिसची (अंगातली चरबी वितळून रक्तात कीटोन साठण्याच्या दुखण्याची) भीती. गळीत हंगामात नुसत्या उसाच्या वाढ्यांवर ठेवू नका. वाढ्यांतलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, महिनोन्‌महिने हेच चाललं तर हाडंच रिकामी होतात. कडबा, मका, मुरघास मिसळा.

21 दिवस आधी. रेतनाच्या तारखेत 280 दिवस मिळवा (म्हशीला 310) आणि त्यातून 21 वजा करा. त्या दिवसापासून तीन गोष्टी बंद: कॅल्शियमचं टॉनिक, कॅल्शियमयुक्त खनिज मिश्रण आणि खुराकातला खाण्याचा सोडा. लसूणघासही गव्हाणीतून काढा, त्यात कॅल्शियम आणि पोटॅशियम दोन्ही जास्त. गोठ्याचं मूत्र-शेणपाणी सोडलेल्या नेपिअर गवतातही पोटॅशियम चढलेलं असतं. वैरण म्हणून कडबा कुट्टी आणि मक्याचा मुरघास उत्तम.

यासोबत ॲनायोनिक खनिज मिश्रण, म्हणजे रक्त किंचित आम्लधर्मी करणारे क्षार, सुरू करा; सोडा आणि पोटॅशियम याच्या उलट काम करतात. मात्रा पाकिटावरची किंवा पशुवैद्यकाने सांगितलेली. ते कडवट असतं, म्हणून खुराकात नीट कालवा, नाहीतर गाय खुराकच सोडेल. मिश्रण लागू पडलं की नाही, हे लघवीच्या सामूवरून (pH) कळतं. तीन-चार दिवसांनी निरणाखाली हाताने चोळा, गाय लघवी करते; मधली धार सामू मोजायच्या पट्टीवर घ्या. एरवी सामू 8 च्या वर असतो, तो 6.2 ते 6.8 वर आलेला हवा. उतरलाच नाही तर मिश्रण पोटात जात नाही किंवा वैरणीत पोटॅशियम जास्त आहे. 5.8 च्या खाली गेला तर मात्रा कमी करा. पहिलारू कालवडींना याची सहसा गरज नसते.

खुराक अर्ध्या किलोपासून वाढवत व्यायच्या वेळी 2-3 किलोवर न्या.

व्याल्यावर पहिले तास. ॲनायोनिक मिश्रण त्याच दिवशी बंद, नेहमीचं खनिज मिश्रण सुरू. कोमट पाणी पिईल तेवढं द्या. तिसऱ्या वेतापुढच्या गायीला, ती उभी आणि नीट गिळत असेल तरच, कॅल्शियम जेलची एक नळी लगेच आणि दुसरी 12 ते 24 तासांत. आधी कधी बसलेली गाय असेल तर पहिले दोन दिवस कास पूर्ण पिळू नका.

गाय बसलीच तर. आधी पाय थरथरतात, दात खाते, चाल अडखळते. मग बसते, नाकपुडी कोरडी, शेण-लघवी बंद, अंग गार. थर्मामीटर 38 अंशांच्या खाली दाखवतो. डॉक्टर येईपर्यंत तिला छातीवर बसती ठेवा, दोन्ही बाजूंना भुशाची पोती लावा; आडवी पडली तर पोट फुगून दगावते. खाली पाचट किंवा वाळू हवी आणि दर दोन-तीन तासांनी कूस बदला, नाहीतर खालच्या पायाचे स्नायू आणि नसा दबून कॅल्शियम मिळूनही ती उठत नाही. तोंडाने काहीही पाजू नका, फुप्फुसात जातं. शिरेतली बाटलीही स्वतः लावू नका. कॅल्शियम बोरोग्लुकोनेट हृदयाचे ठोके ऐकत, सावकाश सोडावं लागतं. घाईत हृदय थांबतं. उठलेली गाय दिवसभरात परत बसू शकते, म्हणून उठल्यावर तोंडाने कॅल्शियम द्यायचं का, हे डॉक्टरांना विचारा.

वासरू. वार पडेपर्यंत चीक पाजायचा नाही, ही समजूत सोडून द्या. वासराच्या अंगात चरबी अगदी थोडी, ऊब आणि प्रतिकारशक्ती दोन्ही चिकातूनच येतात आणि प्रतिपिंडं शोषण्याची आतड्याची ताकद 24 तासांत संपते. 30 किलोच्या वासराला 3 लिटर: निम्मा पहिल्या तासात, उरलेला सहा-आठ तासांत. आई बसलेली असली तरी वासराच्या वाट्याचा चीक काढाच. निरोगी गायीचा जादा चीक लिटरच्या पिशव्यांत गोठवून ठेवा. वितळवताना पाणी 50 अंशांच्या खाली असू द्या. खरवस यानंतर.

पुढचे तीन आठवडे. खुराक रोज पाव-अर्धा किलोनेच वाढवा, एकदम वाढवला तर कोटीपोट (चारा आंबवणारं पहिलं मोठं पोट) आम्लधर्मी होऊन बिघडतं. गायीने खुराक टाकून नुसता कडबा खाल्ला, दूध उतरलं, श्वासाला गोडसर वास आला, तर कीटोसिस समजा आणि लघवीवर कीटोनची पट्टी लावा. अशा वेळी गूळ पाजण्याची पद्धत आहे, पण तो कोटीपोटातले जिवाणूच संपवतात, रक्तात साखर म्हणून फारसा पोचत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रॉपिलीन ग्लायकॉल 300 मिली रोज, तीन ते पाच दिवस द्या. म्हशीने याच दिवसांत कॉफीच्या रंगाची लघवी केली, तर ते बहुधा स्फुरदाच्या कमतरतेचं. त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा.