तुमचा ‘एन’ नक्की किती? आराखडा पक्का करण्याआधी हे करा

कुठली सांख्यिकी टेस्ट लावायची हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येऊ नका. म्हणजे या, पण तो सगळ्यात शेवटी विचारा.

मी विद्यापीठात संख्याशास्त्राचा सल्ला द्यायला बसते. समोरच्या खुर्चीत कधी उंदरांवर औषध तपासणारी पीएचडीची मुलगी असते, कधी शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक, कधी इमारतीचा कार्बन हिशोब मांडणारा आर्किटेक्ट. तिघांची उपकरणं वेगळी, जर्नलं वेगळी, एकमेकांच्या विषयाबद्दलचे गैरसमजही वेगळे. अडतात मात्र एकाच जागी. आपण जे मोजतोय त्यात ‘एक’ कशाला म्हणायचं, म्हणजेच एन (अभ्यासातल्या स्वतंत्र नमुन्यांची संख्या) कशाचा मोजायचा, हे कुणी ठरवलेलंच नसतं. एकाच माणसाचा ताप दहा वेळा मोजला म्हणून दहा रुग्ण होत नाहीत, हे सगळ्यांना कळतं. पण तोच प्रकार पेट्री डिशमध्ये, वर्गात किंवा सेन्सरच्या नोंदींत झाला की भल्याभल्यांच्या नजरेतून सुटतो.

म्हणून पहिलं काम कागदावर. एक वाक्य लिहा: मी अमक्याला तमकं दिलं, आणि ढमक्यावर मोजलं. ‘अमकं’ आणि ‘ढमकं’ एकच असेल तर तुम्ही सुटलात. बहुतेक वेळा ते एक नसतं. औषध आईला दिलेलं असतं आणि मोजमाप पिल्लांवर असतं. प्रशिक्षण शिक्षकाला दिलेलं असतं आणि गुण विद्यार्थ्यांचे असतात. पंखा खोलीत बसवलेला असतो आणि घाम माणसांचा मोजलेला असतो. नियम असा, की एन मोजायचा तो ‘अमक्या’चा. ज्या सगळ्यात लहान गोष्टीला चिठ्ठी टाकून स्वतंत्रपणे या गटात किंवा त्या गटात घालता आलं असतं, ते तुमचं प्रायोगिक एकक. त्याखालच्या पातळीवर कितीही मोजा. मोजमाप जास्त नेमकं होईल, एन वाढणार नाही. या खोट्या वाढीला स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये ‘स्यूडोरेप्लिकेशन’ असं नाव दिलं. ते पर्यावरणशास्त्रातले, पण दुखणं सगळ्यांचं.

आता प्रयोगशाळेकडे, कारण तिथे पातळ्या सगळ्यात जास्त आणि सगळ्यात लपलेल्या असतात.

गाभण मादीला औषध टोचलं आणि तिच्या आठ पिल्लांची वागणूक तपासली, तर एन आठ नाही, एक. पिल्लांचा गर्भाशय एक, आईच्या रक्तातली औषधाची मात्रा एक, पुढे दूध पाजणारी आईही एकच. ऑटिझमच्या अभ्यासासाठी गाभण उंदरांना व्हॅल्प्रोइक अ‍ॅसिड देतात, त्या प्रकारच्या ३४ अभ्यासांची तपासणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या फक्त ३ अभ्यासांनी वीण (एका मादीची एका वेळची सगळी पिल्लं) हे एकक धरलं होतं. बाकीच्यांचे निष्कर्ष खोटेच होते असं नाही. पण त्यांच्या पी-व्हॅल्यूंवर (खरा फरक नसताना एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता सांगणारे आकडे) भरवसा ठेवायला आधार उरत नाही, आणि असं काम पुन्हा करून पाहण्यात कुणाची तरी वर्षं जातात.

औषध जन्मानंतर द्यायचं असेल तर गोष्ट तुमच्या फायद्याची होते. एकाच विणीतली अर्धी पिल्लं औषधाच्या गटात, अर्धी कंट्रोलमध्ये, म्हणजे औषध न दिलेल्या गटात, घाला. मग आईचा फरक दोन्हीकडे सारखा वाटला जातो आणि पिल्लू हे एकक धरता येतं. मात्र विश्लेषणात विणीचा रकाना ठेवायचाच. औषध पाण्यातून किंवा खाद्यातून देत असाल तर पिंजरा हेच एकक, कारण बाटली पिंजऱ्याला एक असते. टोचून देत असाल तरी पिंजरा विसरू नका. उंदीर एकमेकांची लेंडी खातात, त्यामुळे एका पिंजऱ्यातल्यांच्या आतड्यातले जिवाणू सारखे होत जातात. मायक्रोबायोमवर, म्हणजे याच जिवाणूंच्या वस्तीवर, काम करणाऱ्यांनी औषधाचा एक पिंजरा आणि कंट्रोलचा दुसरा अशी मांडणी केली, तर मी पुढचं ऐकतच नाही.

पेशींवर काम करणाऱ्यांसाठी थोडक्यात: एकाच प्लेटमधल्या तीन वेल (पेशी वाढवायचे खळगे) म्हणजे टेक्निकल रेप्लिकेट, एकाच प्रयोगाची पुन्हा घेतलेली मोजमापं. त्यांची सरासरी काढा आणि पुढे जा. वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या (नव्या भांड्यात पुन्हा वाढवलेल्या) पेशींवर, नव्याने बनवलेल्या द्रावणाने पूर्ण प्रयोग पुन्हा केला, तर एन एकाने वाढला. तोही त्या एका सेल लाइनपुरता, म्हणजे एकाच मूळ स्रोतातून वाढवत नेलेल्या पेशींपुरता. माणसांबद्दल दावा करायचा असेल तर वेगवेगळ्या दात्यांच्या पेशी लागतील.

एकक औषध कसं देता त्यावर ठरतं, शरीराच्या भागावर नाही. डोळ्यांचं उदाहरण मला यासाठी फार आवडतं. गोळी दिली तर एकक माणूस, मग डोळे दोन तपासले तरी. थेंब एका डोळ्यात औषधाचे आणि दुसऱ्यात साधे टाकले, तर एकक डोळा, आणि वर प्रत्येक माणूस स्वतःच स्वतःचा कंट्रोल होतो. म्हणजे थोड्या लोकांत जास्त काम. अर्थात औषध रक्तात उतरून दुसऱ्या डोळ्यापर्यंत पोचत असेल तर ही युक्ती बाद.

शिक्षणशास्त्रात हेच जास्त उघड दिसतं, तरी जास्त बिनदिक्कत होतं. एका वर्गाला नवी पद्धत, दुसऱ्याला जुनी, दोन्हीकडे चाळीसचाळीस मुलं, आणि दोन सरासऱ्यांची तुलना करणारी टी-टेस्ट ऐंशींवर. इथे प्रत्येक गटाचा एन एक आहे. नव्या पद्धतीचा परिणाम आणि त्या वर्गावरच्या शिक्षकाचा परिणाम वेगळा काढायला कुठलंही सॉफ्टवेअर उपयोगी नाही. पूर्वपरीक्षा घेतली, गुण अ‍ॅडजस्ट केले, तरी नाही.

वर्ग जास्त असतील तर हिशोब करता येतो, आणि तो आराखडा ठरवायच्या आधी करायचा. एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी किती, हे इंट्राक्लास कोरिलेशन सांगतं. शालेय गुणांसाठी ते ०.१ ते ०.२५ च्या आसपास धरलं तर फारसं चुकत नाही. सूत्र सोपं आहे: वर्गातल्या मुलांच्या संख्येतून एक वजा करा, त्याला या कोरिलेशनने गुणा, त्यात एक मिळवा. आलेला आकडा म्हणजे डिझाइन इफेक्ट. एकूण मुलांना त्याने भागा.

२४ वर्ग, प्रत्येकी २५ मुलं, कोरिलेशन ०.२ असं धरू. डिझाइन इफेक्ट येतो ५.८. कागदावर ६०० मुलं आहेत, पण माहिती जेमतेम १०३ स्वतंत्र मुलांइतकी. आता मेहनत करून तेवढ्याच वर्गांत प्रत्येकी ५० मुलं घेतली, म्हणजे १२००. डिझाइन इफेक्ट १०.८ होतो आणि हातात येतात १११. सहाशे उत्तरपत्रिका जास्त तपासल्या आणि मिळालं आठ मुलांचं भांडवल! तीच १२०० मुलं ४८ वर्गांतून घेतली असती तर २०७ झाली असती. म्हणून वर्ग वाढवा, वर्गातली मुलं नाही. एका वर्गातल्या सगळ्यांना तपासायची गरजही नसते. त्यातली १५ चिठ्ठ्या टाकून निवडा आणि वाचलेल्या वेळात आणखी एक शाळा जोडा.

मोठ्या प्रमाणावर हे नीट केलेलं पाहायचं असेल तर अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातला ‘स्टार’ प्रकल्प वाचा. १९८५ पासून चार वर्षं, ७९ शाळा. छोटे वर्ग १३ ते १७ मुलांचे, नेहमीचे २२ ते २५ मुलांचे. एकाच शाळेच्या आत मुलं आणि शिक्षक दोघांनाही चिठ्ठ्या टाकून वर्ग दिले होते, त्यामुळे शाळाशाळांतला फरक तुलनेच्या आड आला नाही. विणीतली पिल्लं अर्धी अर्धी वाटण्याचीच ही युक्ती.

एवढे वर्ग मिळणार नाहीत, हे मला माहीत आहे. मग दोन वाटा. मुलाने एकट्याने वापरायचं साहित्य असेल, जसं सरावाचं अ‍ॅप किंवा कार्यपत्रिका, तर एकाच वर्गातल्या मुलांना चिठ्ठ्या टाकून वेगवेगळं साहित्य द्या. एकक मूल होतं. फक्त मुलं मधल्या सुट्टीत एकमेकांना काय दाखवतात यावर लक्ष हवं. दुसरी वाट म्हणजे दोन वर्गांवरचा अभ्यास तसाच, पण प्रयोग म्हणून न मिरवता करायचा: निरीक्षणं, मुलाखती, वह्यांचे नमुने, शिक्षकाने वाटेत काय बदललं याची नोंद. चांगली केस स्टडी मला लंगड्या प्रयोगापेक्षा कितीतरी पटीने प्रिय आहे. गाइडना हे पटवणं अवघड जातं, कारण पी-व्हॅल्यू दिसली की त्यांना बरं वाटतं.

शाश्वत डिझाइनवाल्यांना वाटतं की आपल्याला हा त्रास नाही, आपण तर जीवनचक्र मूल्यांकन (वस्तू बनण्यापासून टाकेपर्यंतचा पर्यावरणीय हिशोब) करतो. उलट तिथे एकक नियमातच लिहिलेलं असतं. आयएसओ १४०४० आणि १४०४४ या मानकांनुसार फंक्शनल युनिट आधी ठरवावं लागतं: ती वस्तू काय काम करते, किती, किती चांगलं आणि किती काळ. हे चार तुकडे एका वाक्यात आल्याशिवाय डेटाबेस उघडू नका.

भिंतीतलं इन्सुलेशन घ्या. ‘प्रति किलो कार्बन’ अशी तुलना मी वारंवार पाहते. पण भिंतीला किलो नको असतात, उष्णता अडवणं हवं असतं. एक चौरस मीटरला एक एकक उष्णतारोध मिळवायला लागणारं वस्तुमान म्हणजे उष्णतावाहकता गुणिले घनता. खनिज लोकरीची वाहकता ०.०४० (वॅट प्रति मीटर-केल्विन) आणि घनता घनमीटरला ३० किलो धरली तर १.२ किलो पुरते. लाकडी तंतूंच्या पाट्याची ०.०४५ आणि १५० धरली तर ६.७५ किलो लागतं. प्रति किलो आकडे शेजारी ठेवून निर्णय घेतलात तर तुलना साडेपाच पटींहून जास्त वाकडी. कुठलं साहित्य चांगलं हे यावरून ठरत नाही. तुलना कुठून सुरू करायची एवढंच ठरतं. इमारतीच्या ऊर्जेचंही तेच. प्रति चौरस मीटर पाहिलं तर दोघांचं अवाढव्य घर कार्यक्षम दिसतं, प्रति माणूस पाहिलं की चित्र उलटू शकतं. दोन्ही आकडे द्या.

एककाने निकाल कसा फिरतो याचा नमुना म्हणजे डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेचा २०१८ चा पिशव्यांवरचा अहवाल. सेंद्रिय सुती पिशवी २०,००० वेळा वापरली तरच ती साध्या प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येते, हा आकडा जगभर फिरला. अहवालातलं एकक होतं २२ लिटर आणि १२ किलो सामान वाहणं. सेंद्रिय सुती पिशवी २० लिटरची, म्हणून तिच्या जागी दोन पिशव्या धरल्या आणि आकडा दुप्पट झाला. शिवाय तो सगळ्या पर्यावरणीय निकषांत सर्वांत वाईट असलेल्या निकषावरचा होता; फक्त हवामानबदलाच्या निकषावर तोच आकडा १४९. अहवालात हे सगळं लिहिलेलं आहे. दोन लिटर कमी पडले तर माणूस खरंच दुसरी पिशवी घेतो का? अशा प्रत्येक गृहीताला उलटं करून हिशोब पुन्हा चालवा आणि दोन्ही निकाल छापा.

आणि सेन्सर! दर दहा मिनिटांनी तापमान नोंदवणारा सेन्सर वर्षभरात पन्नास हजारांहून जास्त नोंदी देतो. खोली एकच असेल तर एन एक.

तिन्ही विषय एकत्र येतात तेव्हा हे सगळं एकदम अंगावर येतं. वर्गखोलीत हवा शुद्ध करणारा फिल्टर बसवला तर मुलं कमी आजारी पडतात का, लक्ष जास्त लागतं का, आणि त्यासाठी किती वीज जाते, असा प्रकल्प समजा. बदल खोलीत केला, म्हणून एकक खोली. सर्दी तर मुलं एकमेकांनाच देतात, त्यामुळे एका खोलीतले आजार स्वतंत्र नसतातच. खोल्या थोड्या असतील तर आलटूनपालटून करा: काही आठवडे खरा फिल्टर, काही आठवडे तसाच दिसणारा आणि आवाज करणारा रिकामा डबा, मधे थोडी मोकळी मुदत, आणि कुठल्या खोलीत आधी काय हे चिठ्ठीने. सगळ्या खोल्यांची अदलाबदल एकाच दिवशी करू नका, नाहीतर फरक ऋतूमुळे पडला की फिल्टरमुळे, हे कळणार नाही. विजेचा हिशोब ‘प्रति यंत्र’ नको. ठरलेल्या पातळीची हवा एका मुलाला एका शालेय वर्षभर पुरवण्यामागे किती, असा मांडा.

लिहिताना प्रत्येक पातळीचा आकडा वेगळा द्या: माद्या किती, पिल्लं किती, पिंजरे किती. प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठीची ‘अराइव्ह’ मार्गदर्शक तत्त्वं २०२० च्या आवृत्तीतही प्रायोगिक एकक स्पष्ट लिहायला सांगतात, आणि गटानुसार चिठ्ठ्या टाकलेल्या चाचण्यांसाठी ‘कन्सॉर्ट’ची (चाचण्यांचा अहवाल कसा लिहावा याच्या तत्त्वांची) वेगळी पुरवणी आहे. रिव्ह्यूअरने विचारायच्या आधी त्यातली यादी भरून ठेवा.

माझ्याकडे येताना मात्र यातलं काही आणू नका. डेटा गोळा करण्याआधीची रिकामी शीट आणा, तिच्यात दहा खोट्या ओळी भरून. मादी क्रमांक, पिंजरा, प्लेट, तारीख, वर्ग, शिक्षक, खोली, जे तुम्हाला लागू आहे त्याचा रकाना तिथे दिसायला हवा. विश्लेषण नंतर दहा प्रकारे करता येतं, पण पिल्लू कुठल्या आईचं हे सहा महिन्यांनी विचारलं तर उंदीर सांगत नाही.