औषध शैवालाने संपवलं की उन्हाने? डायक्लोफेनॅकच्या चाचणीत या चुका टाळा

क्लोरेला या सूक्ष्म हिरव्या शैवालाच्या चंबूत डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक टाकलं, पाच दिवसांत ते निम्मं झालं, की सगळं श्रेय शैवालाला दिलं जातं. पण हे औषध नुसत्या उन्हातही विघटित होतं. म्हणून चार प्रकारचे चंबू लावा, प्रत्येकी तीन: उजेडात जिवंत शैवाल, उजेडात मृत शैवाल, उजेडात फक्त माध्यम (शैवाल वाढवण्याचं पोषक द्रावण), आणि फॉइल गुंडाळून अंधारात फक्त माध्यम. वजाबाकी मात्र जपून करा. दाट हिरव्या पाण्यात ऊन खोलवर पोचत नाही. स्वच्छ माध्यमातली घट जशीच्या तशी वजा केली तर शैवालावर अन्याय होतो.

सगळ्यात छुपी चूक औषध विरघळवायला वापरलेल्या मिथेनॉलची. १००० मिग्रॅ/लिटरच्या मिथेनॉल द्रावणातून २५० मिली कल्चरमध्ये (वाढत्या शैवालाच्या द्रावणात) १ मिग्रॅ/लिटर औषध हवं, तर ०.२५ मिली घालावं लागतं. हे जेमतेम ०.१ टक्का, पण त्यातून लिटरमागे सुमारे ७९० मिग्रॅ मिथेनॉल जातं, म्हणजे वजनाने औषधाच्या जवळपास आठशे पट कार्बन-खाद्य! कल्चरमधले जिवाणू त्यावरच पोसतात आणि आपण मोजतो भलतंच. डायक्लोफेनॅकचं सोडियम क्षार थेट पाण्यात विरघळवा. पाण्यात न विरघळणारं औषध असेल तर द्रावण रिकाम्या निर्जंतुक चंबूत घालून मिथेनॉल उडू द्या, मगच माध्यम ओता.

शैवाल कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे दुपारपर्यंत पीएच ७ वरून ९ च्या वर जाऊ शकतो. डायक्लोफेनॅक ७ लाही ऋणभारितच असतं, पण सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाचा भार याच टप्प्यात बदलतो आणि पेशींना चिकटणंही. नमुना रोज ठरल्या वेळी घ्या, सोबत पीएच नोंदवा.

शैवालाची वाढ ७५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर मोजा; ६८० वर हरितद्रव्याचं प्रमाण बदललं तरी आकडा हलतो.

नमुना सेंट्रीफ्यूज केल्यावर (यंत्रात वेगाने फिरवल्यावर) तळाला बसलेला पेशींचा गाळ फेकू नका. तो मिथेनॉलने धुऊन त्यातलं औषधही मोजा: घातलेल्या औषधातून पाण्यातलं अधिक पेशींवरचं वजा करा, जे उरलं तेवढंच विघटन. मृत पेशींचा आकडा इथे फक्त अंदाज देतो, कारण शैवाल मारताना ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेत) पेशी फुटून त्यांचा पृष्ठभाग बदलतो. गाळणी वापरत असाल तर आधी माहीत प्रमाणाचं द्रावण तिच्यातून काढून पाहा. काही गाळण्या औषध स्वतःच धरून ठेवतात.

शंका आली तर एका चंबूत कार्बामाझेपिन हे अपस्मारावरचं औषध घाला. ते शैवालाला फारसं दाद देत नाही. तेही झपाट्याने घटलेलं दिसलं, तर आधी गाळणी आणि मोजणी तपासा.