क्रिकेटवाल्याचा स्लाइस आणि चुन्याची रेघ

पंचवीस वर्षं बॅट चालवल्यावर सेहेचाळिसाव्या वर्षी गोल्फकडे वळलो, तेव्हा मनात म्हटलं, चेंडू जागचा हलत नाही, मग अवघड काय आहे? पहिल्याच महिन्यात कळलं. ड्रायव्हरने, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या स्टिकने, मारलेला प्रत्येक चेंडू सरळ निघायचा आणि अर्ध्या वाटेत उजवीकडे वळून झाडीत गडप व्हायचा. हाच तो स्लाइस. (मी उजव्या हाताने खेळतो, डावखुऱ्यांनी सगळं उलटं वाचावं.)

यावर मी काढलेला उपाय सगळेच नवशिके काढतात: डावीकडे तोंड करून उभं राहायचं. त्याने स्लाइस वाढतो. चेंडू निघतो तो मुख्यतः स्टिकच्या पात्याचं तोंड असेल त्या दिशेला. वळतो तो पात्याचं तोंड आणि स्टिकची वाट जुळत नाहीत म्हणून. खांदे डावीकडे उघडले की स्टिक आणखी बाहेरून आत येते, चेंडूला कापते आणि फिरकी वाढते. मी दोन सीझन हेच करत बसलो होतो.

सुरुवात ग्रिपपासून करा. स्टिक धरून खाली बघा. डाव्या हाताची बोटांची किती मुळं, म्हणजे मुठीवरचे उंचवटे, दिसतात? मला एकच दिसायचा. दोन, फार तर अडीच दिसले पाहिजेत, आणि अंगठा व तर्जनीमधली खाच उजव्या खांद्याकडे हवी. स्टिक तळव्यात नको, बोटांच्या मुळाशी हवी. पहिले काही दिवस हात परक्याचे वाटतील, चेंडूही डावीकडे जाईल. जाऊ द्या. पण अतिरेक नको: तीन-चार उंचवटे दिसायला लागले की उलटा रोग जडतो, हुक: चेंडू डावीकडे वळतो. बेन होगनसारख्या नामांकित अमेरिकन गोल्फपटूलाही हुकने छळलं होतं. त्याने डाव्या हाताची पकड उलट बाजूला, म्हणजे उंचवटे कमी दिसतील अशी फिरवली आणि 1953 मध्ये मास्टर्स, यूएस ओपन, ब्रिटिश ओपन अशा तिन्ही स्पर्धा जिंकल्या.

ग्रिप बसली तरी स्लाइस उरला, तर दोष उजव्या खांद्याचा. वरून खाली येताना तोच आधी पुढे घुसतो. आपल्या अंगात पुल शॉट मुरलेला असतो ना! पाण्याची रिकामी बाटली चेंडूच्या पलीकडच्या अंगाला, वीतभर मागे उभी करा. सेव्हन आयर्नने, म्हणजे मधल्या पल्ल्याच्या लोखंडी स्टिकने, अर्धा स्विंग, अगदी सावकाश. बाटली उडाली म्हणजे स्टिक बाहेरून आली. खाली येताना आधी डावा पाय जमिनीत दाबायचा, खांदा मागून येऊ द्यायचा. मला बाटली वाचवायला दहा दिवस लागले.

दुसरी खोड म्हणजे चेंडू उचलायला जाणं. षटकार मारायचा तर चेंडूखाली जायचं, हे डोक्यात बसलेलं. म्हणून वजन मागच्या पायावर राहतं आणि स्टिक एक तर आधी माती खणते, नाहीतर चेंडूचं टाळकं खरवडते. एका म्हाताऱ्या कॅडीने (स्टिकची पिशवी वाहणाऱ्याने) मला ऐकवलं, “साहेब, उचलायचं काम पात्याचं हाय. तुम्ही खाली मारा.” सेव्हन आयर्नच्या पात्याला तीसेक अंशांचा कल असतोच.

यासाठी मातीवर क्रीझ आखतो तशी चुन्याची रेघ ओढा. रेघ दोन पायांच्या मधोमध. चेंडू नकोच. स्टिकने माती रेघेच्या पुढे, डाव्या पायाच्या बाजूला उडाली पाहिजे. रेघेच्या मागे खड्डा पडला तर वजन मागे राहिलंय. सरावाच्या रेंजवरच्या मॅटवर हे कळत नाही; स्टिक मागे आपटली तरी घसरत पुढे जाते आणि फटका बरा लागल्यासारखा वाटतो.

ताकदीचं म्हणाल तर क्रिकेटचा चेंडू 156 ते 163 ग्रॅमचा, गोल्फचा जास्तीत जास्त 45.93. कुटू नका, एवढंच. आणि “डोकं खाली ठेव” हा सगळ्यांचा आवडता सल्ला फारसा मनावर घेऊ नका. फटका बसल्यावरही मान गाडून ठेवली तर अंग फिरतच नाही. चेंडू गेला की डोक्याला त्याच्यामागे जाऊ द्या.

मी अजूनही आठवड्यातून दोनदा सोसायटीमागच्या मोकळ्या जागेत रेघ ओढतो. चुन्याची पिशवी बघून पोरं गोळा होतात आणि विचारतात, “काका, मॅच आहे का?”