उपयोजित इकॉनॉमेट्रिक्स कसं शिकावं: आधी तुलना, मग रिग्रेशन

इकॉनॉमेट्रिक्स म्हणजे आकडेवारीतून आर्थिक प्रश्नांची उत्तरं काढायचं शास्त्र, आणि रिग्रेशन म्हणजे एक गोष्ट बदलली की दुसरी सरासरी किती बदलते, हे मोजायची पद्धत. रिग्रेशनची कमांड टाइप करण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहायची सवय पहिल्याच आठवड्यात लावून घ्या. कशाचा कशावर परिणाम मोजायचा आहे. ती गोष्ट काहींना मिळाली, काहींना नाही, हे कशामुळे ठरलं. आणि परिणाम अजिबात नसता तरी दोन गटांत फरक दिसला असता का. तिसऱ्या प्रश्नावर गाडी अडते आणि ती अडायलाच हवी. रोजगार प्रशिक्षणाचं बघा. ऑर्ली अ‍ॅशेनफेल्टर यांनी १९७८ मध्ये दाखवून दिलं की प्रशिक्षणाला येणाऱ्यांची कमाई त्याच्या आधीच्या काळात घसरलेली असते. घसरण तात्पुरती असेल तर ती आपोआप भरून निघते आणि श्रेय मात्र प्रशिक्षणाला जातं. अशा वेळी नुसती ‘आधी आणि नंतर’ ही तुलना फसवते.

महत्त्वाचं चल (व्हेरिएबल) वगळलं की उत्तर कसं बिघडतं, हे नुसतं वाचून अंगात मुरत नाही. ते स्वतः घडवून पाहा. आर, स्टाटा, पायथन, कोणतंही सॉफ्टवेअर चालेल. सरासरी ० आणि विचरण १ असलेल्या नॉर्मल वितरणातून एकमेकांशी संबंध नसलेली तीन चलं काढा: अ, उ आणि त्रुटी. प्रत्येकी १,००० निरीक्षणं. मग क्ष = अ + उ, आणि य = १ + २क्ष + ३अ + त्रुटी. आता अ लपवा आणि ‘य’चं फक्त ‘क्ष’वर रिग्रेशन करा. सहगुणक, म्हणजे ‘क्ष’ एकाने वाढला की ‘य’ किती बदलतो तो आकडा, २ यायला हवा, येतो ३.५ च्या आसपास. जादाचे १.५ कुठून आले? ‘अ’चा परिणाम ३, गुणिले ‘अ’चं ‘क्ष’वर रिग्रेशन केल्यावर मिळणारा सहगुणक ०.५. पुढे निरीक्षणं १,००,००० करा. स्टँडर्ड एरर, म्हणजे उत्तरातली अनिश्चितता, साधारण ०.०५ वरून ०.००५ वर येतो, पण उत्तर ३.५ वरून हलत नाही. नमुना वाढवला की चुकीचं उत्तर फक्त जास्त ठाम होतं.

याच आकड्यांवर फ्रिश-वॉ-लोव्हेल प्रमेयही तपासून घ्या. ‘क्ष’चं ‘अ’वर रिग्रेशन करून रेसिड्युअल (अंदाज वजा जाता उरलेला भाग) ठेवा आणि ‘य’चं त्या रेसिड्युअलवर रिग्रेशन करा. दोन्ही चलं घेऊन केलेल्या रिग्रेशनमधला ‘क्ष’चा सहगुणक जसाच्या तसा मिळतो. ‘अमुक चल कंट्रोल केलं’ या शब्दांचा अर्थ एवढाच: त्या चलाने समजावता न येणारा ‘क्ष’चा उरलेला भाग आपण वापरतो. मात्र हाती लागेल ते प्रत्येक चल कंट्रोल करायचं नसतं. शिक्षणाचा पगारावरचा परिणाम मोजताना व्यवसाय कंट्रोल केला, तर शिक्षणामुळे चांगल्या व्यवसायात जाता आलं, हा परिणामाचाच एक भाग आपण कापून टाकतो. निकष सोपा आहे: जे चल स्वतःच कारणाचा परिणाम असू शकतं, ते बाहेर ठेवा.

यानंतर एखादा प्रसिद्ध अभ्यास मूळ डेटावरून पुन्हा करा. सुरुवातीला डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर यांचा १९९४ चा किमान वेतनाचा अभ्यास घ्या, डेटा खुला आहे. न्यू जर्सीने एप्रिल १९९२ मध्ये किमान वेतन ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केलं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते बदललं नाही. कार्ड-क्रूगर यांनी दोन्हीकडच्या फास्ट फूड रेस्टॉरंटमधल्या कामगारांची संख्या वेतनवाढीआधी आणि नंतर मोजली. अर्धवेळ कामगार अर्धा धरला. न्यू जर्सीत रेस्टॉरंटमागे सरासरी २०.४४ वरून २१.०३ झाली, पेनसिल्व्हेनियात २३.३३ वरून २१.१७. एका फरकातून दुसरा वजा केला की सुमारे २.७५ कामगारांची वाढ दिसते. हे चार आकडे आधी हाताने काढा, मग तेच उत्तर रिग्रेशनमधून मिळवा: राज्याचं डमी (० किंवा १ असं चल), काळाचं डमी आणि दोघांचा गुणाकार. गुणाकाराचा सहगुणक म्हणजे आपलं उत्तर. अक्षरशः जुळत नसेल तर दोन्ही फेऱ्यांत तीच रेस्टॉरंट धरली आहेत का, ते पाहा. आणि चार आकड्यांकडे पुन्हा नीट बघा: वाढीचा मोठा भाग पेनसिल्व्हेनियातल्या घसरणीतून आला आहे. म्हणजे सगळी भिस्त एका गृहीतकावर आहे, वेतन वाढलं नसतं तर न्यू जर्सीतही तशीच घसरण झाली असती. वादाचं खरं ठिकाण हे आहे, आणि तोंडी परीक्षेत इथेच प्रश्न येतो.

डेटा साफ करायला रिग्रेशनपेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो, तो वेळापत्रकात धरा. स्टाटा रिकामी नोंद कोणत्याही संख्येपेक्षा मोठी मानतो, त्यामुळे ‘वय ६० पेक्षा जास्त’ अशी अट घातली की वय न नोंदवलेले सगळे ज्येष्ठांत जाऊन बसतात. सर्वेक्षणात ‘माहीत नाही’साठी ९९ किंवा ९९९ लिहिलेलं असतं, ते तसंच राहिलं तर सरासरीची वाट लागते. दोन फाइली जोडण्याआधी आणि नंतर ओळी मोजा. ओळी अचानक वाढल्या तर ओळखीचा क्रमांक कुठेतरी दोनदा आलेला आहे. मूळ फाइलला हात लावू नका. सगळे बदल स्क्रिप्टमध्ये ठेवा.

स्टँडर्ड एररबद्दल विद्यार्थी फार बेफिकीर असतात. धोरण राज्यपातळीवर बदललं आणि निरीक्षणं व्यक्तींची असली, तर क्लस्टर राज्यावर करा, म्हणजे एका राज्यातल्या निरीक्षणांच्या त्रुटी एकमेकांशी जोडलेल्या असू शकतात असं धरून स्टँडर्ड एरर काढा. बर्ट्रांड, डुफ्लो आणि मुल्लैनाथन यांनी २००४ मध्ये कधीच न झालेले, कल्पित कायदे डेटावर लावून पाहिले. साध्या स्टँडर्ड एररने ५ टक्के पातळीवर (जिथे चुकून फक्त ५ टक्केच ठरायला हवेत) त्यांतले ४५ टक्क्यांपर्यंत कायदे ‘परिणामकारक’ ठरले. क्लस्टर थोडेच, दहा-पंधरा असतील, तर वाइल्ड क्लस्टर बूटस्ट्रॅप ही पुनर्नमुन्यांवर आधारलेली पद्धत वापरा.

इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबल शेवटी शिका, म्हणजे ‘क्ष’ला हलवणारं, पण ‘य’पर्यंत फक्त ‘क्ष’मार्फतच पोचणारं बाहेरचं चल. पहिल्या टप्प्याची, म्हणजे इन्स्ट्रुमेंट ‘क्ष’ला किती जोराने हलवतं हे मोजणारी, एफ १० च्या वर, हा नियम बहुतेकांना पाठ असतो. कारण मात्र ठाऊक नसतं. इन्स्ट्रुमेंट कमकुवत असलं की उत्तर साध्या रिग्रेशनच्या चुकीच्या उत्तराकडेच सरकतं. शाळेतल्या वर्षांसाठी जन्माची तिमाही वापरणाऱ्या १९९१ च्या अभ्यासावर बाउंड, जेगर आणि बेकर यांनी १९९५ मध्ये खऱ्या तिमाहीऐवजी यादृच्छिक तिमाही घातली, तरीही वरवर पटण्याजोगे आकडे आले. आजचे अर्थतज्ज्ञ १० ही मर्यादाही अपुरी मानतात. आणि इन्स्ट्रुमेंटचा ‘य’वर दुसऱ्या कोणत्याही वाटेने परिणाम होत नाही, हे कोणतीही चाचणी सिद्ध करत नाही. ते शब्दांत पटवून द्यावं लागतं.

निकाल लिहिताना नुसते तारे (सांख्यिकीय महत्त्व दाखवणारी चिन्हं) मोजू नका, आकडा एककासह सांगा. ‘य’चा लॉग घेतला असेल आणि डमीचा सहगुणक ०.४० असेल तर वाढ ४० टक्के नाही, सुमारे ४९ टक्के आहे. सोबत कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा परिणाम ज्यात असू शकतो तो पट्टा) द्या. तो शून्याला ओलांडत असला तरी ‘परिणाम नाही’ असं लिहू नका. त्या पट्ट्यात किती मोठा परिणाम अजूनही बसतो, ते लिहा.