आडवाटेवर गाडीचे वेल्डिंग: जोडणी करतानाच्या या चुका टाळा

आडवाटेवर शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा ब्रॅकेट तुटला आणि सोबत नेलेल्या, बॅटऱ्यांवर चालणाऱ्या वेल्डिंगच्या सामानाने टाका (वेल्डिंगचा सांधा) धरला नाही, की दोष बहुधा वितळून सांधा भरणाऱ्या रॉडला दिला जातो. प्रत्यक्षात टाका धरणार की नाही, हे रॉड होल्डरमध्ये अडकवण्यापूर्वीच, केबल आणि चिमटे लावताना ठरून गेलेले असते.

१२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवर वेल्डिंग करताना त्या सिरीजमध्येच, म्हणजे एकीचे पॉझिटिव्ह टर्मिनल दुसरीच्या निगेटिव्हला, जोडाव्या लागतात. घाईत त्या समांतर जोडल्या तर हाती १२ व्होल्टच येतात आणि रॉड नुसता ठिणग्या टाकून चिकटतो. सिरीजमध्येही मोकळ्या स्थितीत, म्हणजे करंट ओढला जात नसताना, साधारण २५ व्होल्टच मिळतात, आणि आर्क (रॉड व लोखंड यांच्यातली विजेची ज्योत) टिकवायलाच २० च्या वर व्होल्ट लागत असल्याने वाया घालवायला जवळपास काहीच उरत नाही. म्हणूनच गाडी चालू करण्यासाठीची साधी जंपर केबल येथे घात करते. तिचे प्लास्टिक जाड असते, आत तांबे मात्र कमी. ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलची जाऊन-येऊन लांबी ६ मीटर असेल, तर १०० अँपिअरला सुमारे अडीच व्होल्ट केबलच खाते. २५ चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये हीच घट अर्ध्या व्होल्टच्या आत राहते. एकदा माझ्याकडून अर्थचा, म्हणजे करंटला परतीची वाट देणारा, चिमटा रंगावरच लागला होता. चार रॉड चिकटल्यावर चिमटा काढायला गेलो तर तो हाताला चटका देण्याइतका तापलेला, आणि त्याच्या दातांखाली रंगाची काळी साल. तेव्हापासून पहिला रॉड लावल्यावर थांबून, हातमोज्याची पाठ प्रत्येक जोडापाशी नेऊन पाहतो. जो जोड गरम, तो सैल किंवा मळलेला.

रॉड चिकटत असेल तर आधी केबल-चिमट्यांचे जोड साफ करावेत, मग २.५ मिलिमीटरचा रॉड घ्यावा. पट्टी जाड असेल तरच तिसरी बॅटरी जोडून ३६ व्होल्टवर जावे, कारण पातळ पत्र्याला त्यावर भोक पडायला वेळ लागत नाही. वेगवेगळ्या क्षमतेच्या किंवा एक जुनी आणि एक नवी अशा बॅटऱ्या एकत्र जोडू नयेत; अशक्त बॅटरी आधी रिकामी होते आणि उलट दिशेने चार्ज होऊन खराब होते. ७०१८ क्रमांकाचा रॉड ओलसर झाला तर टाक्यात छिद्रे पडतात आणि भेगेचा धोका वाढतो, त्यामुळे बंद डबी नसेल तर ओलाव्याला कमी नाजूक असा ६०१३ क्रमांकाचा रॉड नेणेच शहाणपणाचे.

गाडीच्या बाबतीतली सर्वांत महाग चूक म्हणजे तिच्या बॅटरीची दोन्ही टर्मिनल न सोडता काम सुरू करणे. त्यातच अर्थ लांब, उदाहरणार्थ चाकाच्या बाजूला, लावला तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि ते पुढे आवाज करू लागते. अर्थ तुटलेल्या जागेच्या शक्य तितका जवळ, ग्राइंडरने चकचकीत केलेल्या लोखंडावरच असावा. वेल्डिंगला वापरायच्या बॅटऱ्या गाडीबाहेर काढून कामापासून काही मीटर दूर, वारा येतो त्या बाजूला ठेवाव्यात. करंट ओढला जात असताना त्यांतून हायड्रोजन निघू शकतो आणि त्याला एक ठिणगी पुरते.

जागा साफ करायला ब्रेक क्लीनर फवारण्याचा मोह होतो, पण क्लोरिनयुक्त क्लीनरचा अंश राहिला तर आर्कच्या प्रकाशात व उष्णतेत फॉस्जीन हा जीवघेणा वायू तयार होतो. तारेचा ब्रश आणि ग्राइंडर एवढेच वापरावे. झिंक चढवलेल्या पट्टीवरील थरही घासून काढल्याशिवाय रॉड लावू नये. त्याचा पांढरा धूर श्वासावाटे गेला तर काही तासांनी ताप भरतो.

पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) किंवा स्टिअरिंगच्या दांड्याच्या बाबतीत मी सावधच राहतो. पाटा तापवून कडक केलेल्या पोलादाचा असतो. टाक्याच्या कडेला तो ठिसूळ होतो आणि पुढच्या धक्क्याला तिथेच तुटतो. टाका लाल असताना त्यावर पाणी ओतणे तर मुळीच करू नये. अशा भागांना टाका लावावाच लागला तर तो केवळ सावकाश, कमी अंतर कापून पक्क्या रस्त्यापर्यंत पोहोचण्यापुरता मानावा. काम संपल्यावर चॅसिसखालचे वाळलेले गवत आणि अंडरकोटिंगचा लेप किमान अर्धा तास, हाताशी पाणी ठेवून, पाहत राहावे लागते, कारण लेपातली धग वरून दिसत नाही.