ठराव होण्याआधी कळावे म्हणून: स्थानिक कारभाराची माहिती रहिवाशांपर्यंत कशी पोहोचवावी

स्थानिक स्वराज्य संस्थेने घेतलेला निर्णय रहिवाशांना बहुधा रस्ता खोदला गेल्यावर किंवा वाढीव कराचे बिल हाती पडल्यावर कळतो आणि तोवर हरकत घेण्याची मुदत उलटून गेलेली असते. आपल्या भागात माहिती पोहोचवण्याचे काम ज्यांना हाती घ्यायचे आहे, त्यांनी म्हणूनच झालेल्या निर्णयाच्या बातमीपेक्षा येऊ घातलेल्या विषयाकडे अधिक लक्ष द्यावे.

पाणी, रस्ते, शाळा आणि बांधकाम परवानगी हे विषय एकाच संस्थेच्या अखत्यारीत असतीलच असे नाही, तेव्हा कोणता विषय कोणाकडे आहे हे आधी नक्की करून घ्यावे. नावे जागोजागी बदलली तरी प्रशासनाचा प्रस्ताव, समितीची शिफारस, सर्वसाधारण सभेचा ठराव आणि मग निविदा हा क्रम बहुतेक ठिकाणी आढळतो. खरी काटछाट अनेकदा समितीतच होते आणि सर्वसाधारण सभेत पुष्कळ विषय चर्चेविना मंजूर होतात. त्यामुळे वेळ मोजकाच असेल तर तो समितीच्या बैठकीला द्यावा, असे माझे मत आहे.

सभेची विषयपत्रिका किती आधी प्रसिद्ध व्हायला हवी, हे त्या-त्या ठिकाणच्या कायद्यात पाहावे. कॅलिफोर्नियात 1953च्या ब्राउन कायद्याखाली नियमित सभेच्या किमान 72 तास आधी ती लावावी लागते. वेळ इतका थोडा असल्याने विषयपत्रिका रोज कोण पाहणार हे दोघा-तिघांत वाटून घ्यावे. आयत्या वेळचे विषय मात्र विषयपत्रिकेत दिसत नाहीत. ते शोधण्यासाठी सभेनंतर मंजूर ठरावांची यादी मूळ विषयपत्रिकेशी ताडून पाहावी लागते. गैरसोयीचा विषय याच दाराने आत येण्याचा संभव अधिक, म्हणून हे कंटाळवाणे काम टाळू नये.

विषयपत्रिकेची भाषा जशीच्या तशी पुढे पाठवून काही साधत नाही. ‘बाजारपेठ रस्त्यावरील वाहनतळाच्या फेररचनेबाबत प्रशासनाकडील प्रस्तावावर विचार करणे’ या ओळीतून रहिवाशाला काहीच बोध होत नाही. त्याऐवजी ‘बाजारपेठ रस्त्याच्या डाव्या बाजूला गाड्या लावण्यास बंदी घालण्याचा प्रस्ताव आहे, तो मंगळवारी समितीपुढे येईल, निर्णय अजून झालेला नाही, हरकत शुक्रवारपर्यंत लेखी देता येईल’ असे लिहावे आणि खाली विषय क्रमांक व मूळ कागदाचा दुवा द्यावा. प्रस्तावित, शिफारस झालेला आणि मंजूर या तीन शब्दांत गल्लत झाली की अफवा पसरते. स्वतःचे मत द्यायचेच असेल तर ते वेगळ्या संदेशात द्यावे. एका बाजूचे मानले गेलेल्या माणसाने दिलेली तारीखसुद्धा लोक संशयाने पाहतात.

सभेचे इतिवृत्त साधारणपणे पुढच्या सभेत कायम होते. तोपर्यंत त्याचा उल्लेख ‘मसुदा’ असाच करावा. कागद मिळत नसेल तर माहितीच्या कायद्याचा आधार घ्यावा. भारतातील 2005च्या माहिती अधिकार कायद्यात उत्तरासाठी सर्वसाधारणपणे 30 दिवसांची, तर ब्रिटनमधील 2000च्या कायद्यात कामकाजाच्या 20 दिवसांची मुदत आहे. अर्जात ‘हा रस्ता का रखडला?’ असे विचारण्यापेक्षा ठराव, टिपणी आणि कार्यादेश यांच्या प्रती मागाव्यात, कारण अशा कायद्यांनी दप्तरी असलेली नोंद मिळते, खुलासा मिळेलच असे नाही. हरकतीची मुदत त्याआधी संपणार असेल, तर अर्जाच्या उत्तराची वाट न पाहता हरकत नोंदवून पोच घ्यावी.

मोबाईलवरचा गट सोयीचा असला तरी पुरेसा नसतो. वयस्कर माणसे, भाडेकरू आणि नुकतेच राहायला आलेले लोक हमखास सुटतात. त्यांच्यासाठी प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर मोठ्या अक्षरांत एक पान लावावे आणि मुदत टळताच ते काढावे. चूक झाली तर दुरुस्ती मूळ संदेश गेला होता त्याच ठिकाणी द्यावी.

ठराव झाल्यावर त्याचा क्रमांक, तारीख, अंदाजपत्रकातील तरतूद आणि निविदेची स्थिती एका वहीत नोंदवावी. तरतूद नसलेला ठराव वर्षानुवर्षे कागदावरच राहू शकतो, म्हणून अंदाजपत्रक मांडले जाण्याच्या सुमारास ही वही काढून प्रलंबित ठरावांची यादी आपल्या लोकप्रतिनिधीला लेखी द्यावी आणि तिची प्रत फलकावरही लावावी.