‘मुलगा की मुलगी’ची घाई: गर्भातल्या हार्मोन्सबद्दल या चुका टाळा

पोट बघून ‘पोरगंच हाय’ असं सांगणाऱ्या आत्याबाई सोलापुरात अजून डोहाळजेवणाला भेटतात. त्यावर हसून सोडून द्यावं. मुलगा व्हावा म्हणून कुणी पुडी दिली, तर ती मात्र घेऊ नका. एक्सएक्स (मुलगी) की एक्सवाय (मुलगा) ही गुणसूत्रांची जोडी वडिलांच्या शुक्राणूवरून गर्भ राहतानाच ठरते. पुडीत टेस्टोस्टेरॉनसारखं काही निघालं, तर मुलीचा मुलगा होत नाही. तिच्या बाह्य जननेंद्रियांची घडण तेवढी बिघडू शकते.

पण सगळं गुणसूत्रांवर टाकणंही चूकच. सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत प्रत्येक गर्भात स्त्री-पुरुष दोन्हींच्या नलिका असतात. वाय गुणसूत्रावरच्या एसआरवाय जनुकामुळे (ते १९९० मध्ये सापडलं) वृषणं घडू लागतात आणि पुढचा कारभार हार्मोन्स बघतात. फ्रेंच शास्त्रज्ञ आल्फ्रेड जोस्ट यांनी १९४० च्या दशकात सशाच्या गर्भातली वृषणं वेळेआधी काढली, तेव्हा नर पिल्लंही मादीसारखी घडली.

या हार्मोन्सचा मेंदूवरचा परिणाम बहुतेक जननेंद्रियांनंतर होतो आणि तो सरासरीत दिसतो. म्हणून बोटांच्या लांबीवरून गर्भातल्या हार्मोनचा अंदाज बांधून कुणाचा स्वभाव सांगू नये.

खरी जिवावर बेतणारी चूक बाळंतपणानंतर होते. बाळाचं लिंग स्पष्ट दिसत नाही, किंवा मुलासारखं दिसतं पण वृषणांच्या दोन्ही गोळ्या हाताला लागत नाहीत. घरचे लाजेनं गप्प बसतात, पाचवी पुजतात. हा सीएएच (कंजेनिटल अ‍ॅड्रीनल हायपरप्लेशिया) हा जन्मजात आजार असू शकतो: मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रीनल ग्रंथीत एक एन्झाइम कमी, म्हणून कॉर्टिसॉल हे जगायला लागणारं हार्मोन कमी आणि पुरुषी हार्मोन गर्भातच जास्त. काही बाळांच्या शरीरातून मीठही निघून जातं. साधारण दुसऱ्या आठवड्यात उलट्या, वजन घटणं, बाळ मलूल. याच आजाराचा मुलगा दिसायला अगदी ठीक असतो, म्हणून तो जास्त निसटतो. सोडियम, पोटॅशियम आणि १७-ओएचपी (या आजारात रक्तात वाढणारं हार्मोन) तपासायला सांगा. सिव्हिलला न्यायचं तर उद्यावर टाकू नका.

या आजाराचा जनुकातला दोष आई-वडील दोघांकडून यावा लागतो. सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकर घरांत आणि इतरत्रही मामा-भाची, मामेबहीण अशी लग्नं होतात. नात्यात ही शक्यता वाढते. आधीचं बाळ ‘उलट्यांनी गेलं’ असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. आईला बोल लावू नका.

कॉर्टिसॉलची उणीव भरणारी हायड्रोकॉर्टिसोनची गोळी सुरू झाली की तापात ती थांबवू नका. तेव्हा डोस वाढवावा लागतो, तो किती हे आधीच लिहून घ्या. उलटीनं गोळी पोटात राहत नसेल, तर इंजेक्शनसाठी थेट दवाखाना गाठा.